पाण्याची पैज

प्रिय विहीणबाई,

परवा आपली मालिका संपली. साडेसातला सुरू झाली, आठला 'समाप्त' अशी पाटी आली आणि माझा हात सवयीनं मोबाईलकडे गेला. 'मलकापूर विहीणबाई' या नावानं तुमचा नंबर अजून त्यात तसाच आहे. बोट ठेवणार तेवढ्यात आठवलं, तुम्हाला जाऊन दोन महिने होत आले. मग म्हटलं, फोन लागत नाही तर कागद तरी लावून पाहावा. आपली पैज लागलेली होती. तिचा निकाल सांगितल्याशिवाय मला इथे चैन पडत नाही, आणि ऐकल्याशिवाय तुम्हालाही तिकडे पडत नसणार.

कागद-पेन घेऊन बसले तर आमचे हे म्हणतात, "गेलेल्या माणसाले पत्र? पोस्टमन कुठून आणशीन?"

मी म्हटलं, "तुमाले साऱ्या जन्मात एक पत्र नाही लिहिलं, म्हणून जळून राह्यले काय?"

हसतच पेपर तोंडापुढे धरला त्यांनी.

माझ्या अक्षराला हसू नका. चौथीनंतरची माझी शाळा म्हणजे किराणाच्या पुड्यांचे कागद. पुडी सोडली की साखर डब्यात आणि कागद माझ्या हातात. तुम्ही अंगणवाडीत जन्मभर पोरांकडून अक्षरं गिरवून घेतलीत. तुम्हाला पत्र लिहिताना वेलांटी घसरते की काय अशी धास्ती अजून वाटते.

आपलं बोलणं सुरू कसं झालं, आठवतं का? माझी वर्षा लग्न होऊन तुमच्या घरी आली, त्यानंतर सात-आठ वर्षं आपण दोघी फोनवर मोजून तीन वाक्यं बोलायचो. बरं आहे का, पाऊसपाणी कसं, जावईबापू बरे ना. मी मुलीची आई, तुम्ही मुलाची. लग्नात मी तुमचे पाय धुतलेले. त्या पाण्याचा ओलावा मधे राहतोच, पाय लवकर पुढे पडत नाही. मग एका संध्याकाळी कुरडयांचा डबा पोचला हे सांगायला तुम्ही फोन केलात, आणि तुमच्या फोनमधून मला माझ्याच घरातलं गाणं ऐकू आलं. इथे टीव्हीवर तेच सुरू होतं.

"तुमीबी पाहता काय हे?" तुम्ही विचारलंत.

"पाहते ना. पण मले त्या सुलेखाचं काही पटत नाही," मी म्हटलं.

तिथून जे बोलणं सुटलं ते सुटलंच.

सुलेखा सरकारची हेर, आणि तिचा नवरा मनोहर सरकारी कचेरीतला साधा कारकून. बायको बँकेत जाते एवढंच त्याला माहीत. या एवढ्याशा गोष्टीवर आपण तीन वर्षं वाद घातला. मी चाळीस वर्षं ब्लाऊज शिवले, मला आधी तेच दिसायचं. एवढ्या तंग बाहीत ती ते बोलायचं यंत्र लपवते कुठे? आत दोन बोटं जायची मारामार. तुमचं म्हणणं निराळंच. तुम्ही म्हणायच्या, "नवऱ्याले समजत कसं नाही हो? माह्या डब्यातला एक लाडू कमी झाला तर आमच्याईले समजे. याची बायको पिस्तूल घेऊन जाते आन् हा मोजे पाहून राह्यला."

इथे आमच्या धाड गावात गिरणीवर तर बायांचे दोन तट पडले होते. अर्ध्या म्हणायच्या, नवऱ्याशी खोटं बोलते ती बाई कसली. अर्ध्या म्हणायच्या, देशासाठी बोलते ना, मग चालतं. एकदा भांडण असं रंगलं की गिरणीवाल्यानं पट्टा बंद केला आणि म्हणाला, "बाई, पीठ न्या. देश मंग वाचवा."

हे तुम्हाला सांगितलं तर हसता हसता तुम्हाला ठसका लागला. पलीकडून वर्षाचा आवाज आला, "आई, पाणी घ्या." मला फार बरं वाटलं होतं तेव्हा. आपली लेक कुणाला तरी आई म्हणून पाणी देते आहे, एवढं कानावर आलं की माहेरच्या माणसाचं पोट भरतं.

आता त्या पाण्याचंच लिहायचं आहे.

लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, ही आमच्या घरातली रीत. माझ्या आईनं पाळली, मीही पाळली. आईला ती दीडच वर्ष पाळावी लागली. मला अकरा वर्षं. बुलढाण्याला बस बदलायची, राजूरच्या घाटात जीव मुठीत धरायचा, मोताळा मागे टाकायचा आणि तुमच्या दारात उतरायचं ते काखेत पाण्याची बाटली घेऊनच. तुम्ही दारातच म्हणायच्या, "बाटली आली काय? या मंग, तुमीबी या."

तरी दर वेळी तुम्ही माझ्यापुढे पितळी पेला भरून ठेवायच्या, वर ताटली झाकून. "राहू द्या समोर. पाण्याले काय भाडं द्या लागते?" मी निघाले की तो पेला अंगणातल्या जास्वंदीच्या बुंध्याशी ओतायच्या. ती जास्वंद माझ्या पाण्यावर वाढली म्हणायची.

तुम्हाला वाटायचं मी हट्टी आहे. खरं कारण तुम्हाला कधी सांगितलं नाही. डॉक्टरांच्या तपासण्या झाल्या तेव्हा वर्षानं फोनवर मला सांगितलं होतं, "आई, कमी माह्यातच आहे. आता तो विषय नको काढू." फोन ठेवला आणि मी शिलाईच्या मशीनवर डोकं टेकून बसले. त्या दिवसापासून तुमच्यापुढे माझी मान वर झाली नाही. पण पाणी मात्र प्यायले नाही. प्यायले म्हणजे मी नातवंडाची आशा सोडली, असं देवाला वाटेल. आई होऊन मीच आशा सोडली तर त्यानं तरी काऊन ठेवावी?

आणि तुम्ही! मागच्या संक्रांतीनंतर एकट्या बसनं धाडला आलात. हातात पिशवी, पिशवीत माझ्यासाठी हिरवी साडी. मुलाच्या आईनं मुलीच्या आईकडे साडी घेऊन यायचं, असं कुठे असतं का? शिवाय वाकून माझ्या पायाला हात लावायला निघालात. मी दोन पावलं मागे सरले, पाठीमागचा शिलाईचा स्टूल पडला.

"विहीणबाई, हे काय उलटंच?"

"काही नाही. पाय घसरला," तुम्ही म्हणालात.

सपाट फरशीवर पाय कसा घसरला, हे विचारायची अक्कल मला तेव्हा झाली नाही. हे मात्र संध्याकाळी म्हणाले, "विहिणीचं काही तरी बिनसलं वाटते." मी म्हटलं, वयानं होतं असं.

त्यानंतर उन्हाळ्यातला तो भाग. इथली विजेची लाईन गेली की तुम्ही तिकडे फोन टीव्हीसमोर धरायच्या आणि मी इथे अंगणात बाजेवर बसून कानानं मालिका पाहायची. कितीतरी भाग मी असेच पाहिले. त्या दिवशीही लाईन नव्हती. मनोहरची बॅग हॉटेलात राहिली, तिच्यातला गुप्त कागद भलत्याच्या हाती गेला आणि चौकशी लागली. मला नुसता सुलेखाचा आवाज ऐकू आला, "चूक माझी आहे. कागद मी हलवला."

मी तडकले. म्हटलं, "मूर्ख आहे ही बाई. त्याचं पाप आपल्या डोक्यावर कशाले घेते? अन् तो नंदीबैल गप बसून राह्यला."

तुम्ही तिकडे टीव्हीचा आवाज बंद केलात. मला वाटलं फोन कटला. मग म्हणालात, "तुमी तिचा चेहरा नाही पाह्यला, विहीणबाई. मले तर थे पोरगी देवावानी दिसली."

"अन् तो?"

"तो बोलन. पाहाच तुमी. पोरगा वाईट नाही, घाबरते जरासा. उशीर करन, पण साऱ्याईच्या समोर बोलन."

"बाप्या मानसं नाही बोलत, विहीणबाई. मी पाह्यलेत."

"लावता पैज?"

लावली. शेवटच्या भागापर्यंत मनोहर खरं बोलला तर मी तुमच्या घरचं पाणी प्यायचं आणि तुमच्या हातची ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी खायची. नाही बोलला तर तुम्ही माझ्या बाटलीचं नाव जन्मात काढायचं नाही. पैज लावताना तुम्ही मला दोनदा बजावलंत, मागे फिरायचं नाही. मी म्हटलं, मालिका फारच मनाला लावून घेतात बाई.

महिनाभरानं सकाळी जावईबापूंचा फोन आला. पूजेची फुलं तोडताना तुम्ही जास्वंदीजवळच बसलात त्या उठलाच नाहीत. मालिका अर्ध्यात टाकून असं कुणी जातं का?

तेरवीला मी आले तीही बाटली घेऊनच. पंगत बसली होती. तुमच्या नणंदबाई, वरवट बकालच्या, माझ्या बाजूच्याच पाटावर. बोलणं निघता निघता त्या म्हणाल्या, "वहिनी नातवाचं तोंड न पाहता गेली. सूनच तशी निघाली, कोनाले बोल लावता?"

मी नेहमीसारखी पत्रावळीकडे पाहत राहिले. जावईबापू वरण वाढत होते. त्यांनी बादली खाली ठेवली.

"आत्या, वर्षात काही कमी नाही. माह्यात आहे. इतकी वर्षं हिनं माह्यावरचं आपल्या अंगावर घेतलं. आईले माहीत होतं, आता साऱ्याईले माहीत झालं." आणि बादली उचलून विचारलं, "वरण वाढू काय आणखी?"

नणंदबाईंचा घास हातातच राहिला. कुणी वरण मागितलं नाही, कुणी नको म्हटलं नाही.

पंगत उठल्यावर मी वर्षाला स्वयंपाकघरात गाठलं. "मले काऊन नाही सांगितलं?"

"तुले सांगितलं असतं तर तू बाबाले सांगितलं असतं. बाबानं मामाले. मंग साऱ्या धाडले."

यात खोटं काय होतं? पण माझा राग त्यानं वाढलाच.

"अन् तू का म्हणून आपल्यावर घेतलं?"

ती पातेलं घासत होती. मान वर न करता म्हणाली, "मले कोनी बोललं तर मी या कानानं आयकते, त्या कानानं सोडते. यायले बोललं तर हे आठ दिवस जेवत नाहीत. हे तीन वर्षांपासून सांगतो सांगतो म्हणून राह्यले, मीच नाही म्हणलं. दोन वर्षांआधी त्यायनं आईले सांगितलं. आई तवाच तुह्याकडे निघाल्या होत्या. मी शपथ घालून थांबवलं."

म्हणजे माझ्याच लेकीनं तुम्हाला शपथ घातली, आणि तुम्ही ती शेवटपर्यंत पाळलीत.

खरं सांगते, मला तेव्हा कौतुकबिवतुक काही वाटलं नाही. इतकी वर्षं मान खाली घातली, सोळा सोमवार केले, आपल्याच कुशीला बोल लावले, ते सगळं कशासाठी? मी रागातच बस धरली. त्यानंतर महिनाभर वर्षाच्या फोनला "हो", "बरं", "ठेवते" एवढंच. यांनी दोनदा समजावलं, मी दोनदा मशीन जोरात चालवलं.

तुमच्यावरही रागावले होते, विहीणबाई. शपथ तोंडाची होती ना? खुणेनं तरी सांगायचं.

आणि मग एका दुपारी काज करता करता लक्षात आलं, तुम्ही तर सांगितलं होतं. हिरवी साडी घेऊन आलात ते काय होतं? सपाट फरशीवर तुमचा पाय घसरला तो काय उगाच? फोनवर 'चेहरा नाही पाह्यला' म्हणालात, ते मी टीव्हीतल्या बाईवर नेऊन घातलं. याहून जास्त कुणी कसं सांगावं? मीच मठ्ठ.

शेजारच्या सुनेला म्हटलं, तुझ्या मोबाईलवर तो जुना भाग लाव. लाईन होती, उजेड होता, चष्मा होता. सुलेखा म्हणाली, "चूक माझी आहे," आणि मी पहिल्यांदा तिचं तोंड पाहिलं. दमलेल्या नवऱ्याच्या पाठीवरचं पोतं आपल्या पाठीवर घेणाऱ्या बाईचं तोंड असतं ना, तसं. ओझं जडही वाटतंय आणि घेतलं ते बरंही वाटतंय. वर्षानं मला फोनवर सांगितलं तेव्हा तिचंही असंच असेल का? मी तर तेही नुसतं कानानंच पाहिलं होतं. घाट उतरून लेकीपुढे जाऊन बसले असते तर आईला कळलं नसतं?

म्हणून परवाचा शेवटचा भाग पाहायला मी तुमच्याकडेच गेले. निघताना यांनी विचारलं, "बाटली घेतली काय?" घेतली होती.

दार वर्षानं उघडलं. तिच्या ब्लाऊजची बाही उसवली होती. मी म्हटलं, "सुईदोरा आण." बाही शिवून झाली तोवर आमचं भांडण मिटलं होतं.

तुमच्या लाकडी खुर्चीवर कुणी बसत नाही. मी तिच्याजवळ खाली सतरंजीवर बसले. जावईबापूंनी तुमच्यासारखाच पितळी पेला आणून ठेवला, वर ताटली झाकून. घ्या म्हणायची त्यांची हिंमत नाही, आणि न ठेवता राहवत नाही.

मालिका सुरू झाली. चौकशीची खोली, लांब टेबल, मधे मनोहर. साहेबानं विचारलं, "तुम्हाला काही सांगायचं आहे?" मनोहरनं समोरचा कागद सरळ केला. एक मिनिट गेलं. जावईबापू सतरंजीवर पुढे सरकत सरकत पार टीव्हीच्या पायाशी पोचले आणि ओरडले, "अरे, बोल ना बे!"

नाहीच बोलला. खाली मान घालून उठला. सुलेखाची बदली झाली कुठेतरी लांब, बर्फाच्या मुलखात. स्टेशनवर तो डबा घेऊन आला, तिनं डबा घेतला, गाडी हलली आणि संपलं. तीन वर्षं पाहिली त्याचा हा शेवट. काल गिरणीवर गेले तर बाया अशा चिडल्या होत्या की त्या लिहिणाऱ्याच्या घरी कुणी दळण दिलं नसतं. मी दळण घेऊन निघाले. माझं वेगळंच चाललं होतं.

पैज मी जिंकले होते. मनोहर बोलला नाही, बाटलीचं नाव आता निघायचं नाही. मोबाईलकडे हात गेला तो याच वेळी, तुमच्याच घरात बसून तुम्हाला चिडवायला. मग समोर पाहिलं. जावईबापू टीव्हीपाशी तसेच बसले होते, मनोहरवर चिडलेले. मला म्हणत होते, "दोन शब्दाचं काम होतं, आई. दोन शब्दाचं."

तुमच्या वाटच्या पैजेत मनोहर कधी नव्हताच ना, विहीणबाई? तुम्ही तुमच्या पोरावर लावली होती. आणि तो बोलला. उशीर केला, पण साऱ्या पंगतीपुढे बोलला. तुम्ही सांगितलं होतं अगदी तसंच.

मी ताटली काढली आणि पेला तोंडाला लावला. एका दमात अर्धा प्यायले. तुमच्या माठाच्या पाण्याला वाळ्याचा वास येतो, हे मला अकरा वर्षांनी कळलं. नातवंडाची आशा सुटल्यासारखं काही वाटलं नाही. इथे दोघंजण आहेत, एकमेकांवर ओझं पडू देत नाहीत. घर भरलेलंच आहे, मीच बाटली घेऊन बाहेर उभी होते.

जावईबापू टीव्हीपासून उठले. मग हळूच म्हणाले, "आणखी आणू काय?"

"आणा. अन् वर्षाले म्हणा, कळण्याची भाकरी येते काय तुले?"

आतून आवाज आला, "येते. आईनं शिकवली."

बरी करते पोरगी. कडेला जरा जाड राहते, पण ते तिला मी सांगेन हळूहळू.

आता एकच वचन देते. बाटली मी सोडणार नाही, सवय झाली आहे. दर महिन्याला भरून आणीन धाडहून मलकापूरला, घाट उतरून. पण आता माझं पाणी मी पेल्यातून पिणार, म्हणजे जास्वंदीचं गेलं. तिचे अकरा वर्षांचे लाड एकदम बंद करून कसं चालेल? तुम्ही तिच्याजवळच बसला होतात. ती बाटली यापुढे तिची.

तुमची,
जिंकून हरलेली विहीण,
शांता
धाड